डिफ्युझर, कापूर आणि चिंगीची लाळ

वाघाची मावशी: मांजरवाल्यांच्या पत्रांना उत्तरं

पत्र: मावशी, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. घरात दोन मांजरं आहेत, चिंगी आणि शंभू. आमचं घर जुनं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि असा कुबट वास सुटतो की पाहुणे आले तर लाज वाटते. म्हणून ह्यांनी ऑनलाइन डिफ्युझर, म्हणजे सुगंधी तेल हवेत उडवायचं मशीन, मागवला, सोबत सहा तेलांचा बॉक्स, टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट, लव्हेंडर, गवती चहा आणि संत्रं. चार रात्री बेडरूममध्ये खिडक्या लावून चालवला. पाचव्या दिवशी चिंगीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, कपाटाखाली जाऊन बसली, बाहेर काढलं तर मागचे पाय लटपटत होते. डिफ्युझर बंद केला, दोन दिवसांत बरी वाटली. त्यात दोघांना पिसवा झाल्यात. शेजारच्या आक्का म्हणतात "मी सांगतो तुला, कडुलिंबाचं तेल चोळ, आम्ही म्हशीला तेच लावतो", आणि व्हॉट्सॲपवर आलंय की टी ट्री खोबरेल तेलात मिसळून लावा. सासूबाईंचं म्हणणं, कापूर-धूप देवाचा, त्यानं काय होतंय. सगळं नैसर्गिकच आहे ना? काय वापरू, काय टाकू? – चिंगीची आई

उत्तर:

अगं चिंगीची आई, आधी एक काम कर, बाकीचं उत्तर नंतर वाच. चिंगीला डॉक्टरकडे घेऊन जा. बरी वाटतीय म्हणून सोडून देऊ नकोस. जाताना तो तेलांचा बॉक्स पण पिशवीत टाक आणि सांग की चार रात्री बंद खोलीत हे हवेत होतं, लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यायची का ते विचार. मांजर आजारपण लपवण्यात पटाईत असतं, लटपटणं थांबलं म्हणजे आतलं सगळं निस्तरलं असं नसतं. आणि चिंगीला झालं तर शंभूलापण बघून घे, तो पण त्याच खोलीत झोपत असणार.

आता तुझा प्रश्न. "नैसर्गिकच आहे ना" हे वाक्य मीपण एके काळी रोज म्हणायचे बरं का. मी घरी साबण करते, दहा-बारा वर्षं झाली, त्यामुळं लव्हेंडर, निलगिरी, दालचिनी, लवंग असल्या तेलांच्या बाटल्या आमच्या किचनमध्ये मिठा-साखरेसारख्या. आणि तेव्हा घरात मनी होती, पांढरी, एका डोळ्याजवळ काळा ठिपका. एका जुलैत मला कडक सर्दी झाली, मी पातेल्यात पाणी उकळून त्यात निलगिरीचं तेल टाकलं, किती टाकलं माहितीय, टोपण उलटं केलं, थेंब मोजायची अक्कल कुणाला होती. वाफारा घेतला, पातेलं तसंच जमिनीवर ठेवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. येऊन बघते तर मनीनं त्यात पंजा बुडवलेला, आणि बसून तोच पंजा चाटत होती, मन लावून, एकेक बोट फाकवून, जसं ती नेहमी करायची तसं. अर्ध्या तासात लाळेच्या तारा, मग उलटी, मग चालताना दारू प्यायल्यासारखी. ज्या दुकानातून तेल आणलेलं त्याला फोन केला तर तो म्हणला, "मॅडम हे तर आयुर्वेदिक आहे, काही होत नाही." डॉक्टरनी तिला रात्रभर ठेवून घेतली, सलाईन लावलं, अंग गार पडलं होतं म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. वाचली ती. पण तो पंजा चाटतानाचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही, कारण तिला वाटत होतं ती स्वतःला स्वच्छ करतीय.

तर सगळी गोम इथंच आहे, मांजराचं अंग हेच त्याचं ताट. कुत्र्याच्या किंवा म्हशीच्या अंगावर काही पडलं तर बरंचसं अंगावरच राहतं. मांजराच्या केसावर जे बसतं ते संध्याकाळपर्यंत जिभेवरनं पोटात जातं. तुझा डिफ्युझर पाण्याची वाफ करत नाही, तो तेलाचे बारीक बारीक थेंब हवेत उडवतो, ते खाली बसतात, गादीवर, फरशीवर, चिंगीवर. खोटं वाटत असेल तर जिथं तो ठेवला होता त्या टेबलावरनं बोट फिरव, चिकट लागतंय का बघ. तोच चिकटपणा चार रात्री चिंगीनं चाटलाय, शिवाय नाकातनं गेला तो वेगळाच.

आणि पोटात गेल्यावर काय होतं? आपण फेनॉल जातीचं काही खाल्लं, म्हणजे लवंगेतलं युजेनॉल वगैरे, तर आपलं लिव्हर त्याला साखरेसारखा एक तुकडा चिकटवतं, मग ते पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. हे चिकटवायचं काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक महत्त्वाचं एन्झाइम मांजराकडं नाहीच, त्याचं जीन बिघडलेलं आहे, आणि नुसतं चिंगीत नाही, वाघ-सिंहापर्यंत अख्ख्या खानदानात. पिढ्यान्‌पिढ्या नुसतं मांस खाल्लं, पाल्यावर कधी जगली नाहीत, मग पाल्यातली विषं काढून टाकायची सोय ठेवायची कशाला, गंजून गेली ती. म्हणून जे आपल्या शरीरातनं काही तासांत जातं ते मांजरात दिवसच्या दिवस रेंगाळतं. याच कारणानं पॅरासिटामॉलची एक ५०० मिलिग्रॅमची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ताप आला म्हणून अर्धी गोळी दिली असं सांगणारे लोक दर पावसाळ्यात भेटतात, कृपा करून असलं काही करू नका.

आक्कांची म्हैस आणि तुझी चिंगी यात फरक आहे तो हा, वजनाचा तर आहेच, चारशे-पाचशे किलो कुठं आणि साडेतीन किलो कुठं, पण लिव्हरचा त्याहून मोठा. आक्कांना सांग म्हशीला खुशाल लावा. कडुलिंबाच्या तेलानं मांजरांना लाळ, थरथर, अशक्तपणा आलेल्या केसेस आहेत, त्यामुळं मी मांजराला ते लावत नाही.

टी ट्रीचं तर नावच काढू नकोस. १९९८ साली परदेशातली एक केस छापून आली होती, तीन मांजरांना पिसवांसाठी शुद्ध टी ट्री तेल लावलं, तिघांत मिळून ६० मिली. मांजरं लटपटायला, थरथरायला लागली, अंग थंड पडलं, आणि एक तीन दिवसांनी गेलं. व्हॉट्सॲपवाले म्हणतील आम्ही तर खोबरेलात मिसळायला सांगतोय. अगं पण किती? कुणाचं टोपण केवढं, कुणाची बाटली किती कडक, आणि मिसळून लावलं तरी शेवटी चाटणारच आहे ना ती. शिवाय तेल लावलं की चवीला म्हणून जास्तच चाटते, खोबरेल आवडतं बऱ्याच मांजरांना. टी ट्रीचा त्रास लावल्यावर लगेच दिसेलच असं नाही, दोन ते बारा तासांनी सुरू होतो आणि तीन दिवस राहू शकतो, त्यामुळं रात्री लावून "काही झालं नाही बघ" म्हणून झोपणारे सकाळी पळत सुटतात.

पानात आणि तेलात फरक आहे हे पण समजून घे, कारण लोक तुळशीचं उदाहरण देतात. निलगिरीचा शंभर किलो पाला उकळला तर किलो-दोन किलो तेल निघतं. म्हणजे त्या छोट्या बाटलीत किलोभर पाल्याच्या आसपासचा अर्क बसलाय. वृंदावनातल्या तुळशीचं एखादं पान चिंगीनं चावलं तर काही होत नाही, पण म्हणून तुळशीचं तेल चालेल असं नाही.

तुझ्या बॉक्समधलं आता एकेक बघू. टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट तर ठार बाद. संत्र्यात लिमोनीन असतं, ते पण मांजराला झेपत नाही. गवती चहाचं तेल बाद, आणि कुंडीतली गवती चहाची पाती जास्त खाल्ली तर पोट बिघडतं, एवढं लक्षात ठेव. लव्हेंडर त्यातल्या त्यात सौम्य असं लोक म्हणतात, पण तेपण मांजराला विषारी धरतात आणि बंद खोलीत रात्रभर तर नाहीच. सहाच्या सहा गेले. वाईट वाटेल, ह्यांनी पैसे घातलेत, पण काय करणार.

सासूबाईंचा मुद्दा जरा नाजूक आहे, तिथं मीपण सांभाळून बोलते. आपण कोल्हापूरची माणसं, अंबाबाईच्या गावात कापूर बंद करा म्हणणारी मी कोण. आरतीला वडी लावली, दोन मिनिटं जळली, खिडकी उघडी, मांजर दुसरीकडं, काही बिघडत नाही. पण ती जी लाइटवर लावायची कापराची कुपी मिळते ना, रात्रभर प्लगला, डास जातात म्हणून, ती नको. कापूर कातडीतनंपण शरीरात जातो आणि मांजरात फिट्स येण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि कापराचा डबा झाकणाचा ठेव, मोकळ्या ताटलीत नको, शंभूसारखे बोके वडी पंजानं उडवत खेळतात. नवरात्रात घरभर धूप फिरवायचा असेल तर मांजरांना तेवढा वेळ गच्चीतल्या खोलीत ठेवायचं, धूर निवला की सोडायचं. सासूबाईंना असं सांग की देवाचं काही बंद करत नाही, फक्त चिंगीला बाहेर नेते. ऐकतात मग.

सासूबाईंवरनं आठवलं, त्या गुडघ्याला काही चोळतात का? माझी आई चोळायची, आणि मनी रोज तिच्या मांडीवर, थेट गुडघ्यावर तोंड. ते दुखण्याचं जे हिरवं-पिवळं तेल किंवा बाम असतो त्यात कापूर, मेन्थॉल, निलगिरी तर असतंच, वर विंटरग्रीनचं तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. ॲस्पिरिनचं प्रमाण मांजराच्या अंगात अर्ध्यावर यायलाच दीड दिवसाहून जास्त लागतो. म्हणजे रोज थोडं थोडं चाटलं तर कालचं गेलेलं नसताना आजचं वर साचतं. डिफ्युझर सगळ्यांना दिसतो, गुडघा कुणाला दिसत नाही. बाम लावला की वरून जुनी सुती ओढणी गुंडाळायची आणि मांडीवर मांजर नको, आणि ज्या हातानं लावला तो साबणानं धुतल्याशिवाय कुरवाळायचं नाही.

फरशीचं पण तसंच. काळं फिनेल म्हणजे फेनॉल जातीचंच, पांढऱ्यात बहुतेक पाइन तेल, पाण्यात टाकलं की दूध होतं तेच. ओल्या फरशीवरनं चिंगी चालणार, पंजे चाटणार, मनीची स्टोरी पुन्हा. भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग साध्या पाण्यानं, मग वाळेस्तोवर दार लावून ठेवायचं. कपाटात डांबर गोळ्या असतील तर त्यापण काढ.

पिसवांचं सांगते. आधी पिसवाच आहेत का बघ. पांढरा कागद ओला कर, त्यावर चिंगीला उभी करून उवांची बारीक दातांची फणी फिरव, काळे कण पडतील, मिरपूड सांडल्यासारखे. त्या कणांभोवती ओल्या कागदावर लालसर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे चिंगीचंच रक्त. माती असेल तर डाग येत नाही. फणीत पिसू सापडली की साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवायची. पण फणीनं संपत नाहीत कारण अंडी मांजरावर राहत नाहीत, गळून गादीत, सोफ्याच्या फटीत, जुन्या घराच्या लाकडी जमिनीच्या चिरेत पडतात, त्यातनं पुढं होणाऱ्या पिसवा कोशात आठवडेच्या आठवडे थांबतात. म्हणून चिंगी-शंभू झोपतात ती चादर कडक पाण्यात धुवायची, फटी झाडून किंवा व्हॅक्यूमनं साफ करायच्या, आणि डॉक्टरकडनं वजनाप्रमाणे मांजराचंच स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर थेंब सोडायचं पिसवांचं औषध घ्यायचं, मानेवर केस फाकवून कातडीवर, जिथं जीभ पोचत नाही तिथं. दोघांना एकाच दिवशी. औषधावर मांजराचं चित्र आहे का बघून घे, कुत्र्याचं बऱ्याचदा परमेथ्रिन नावाच्या कीटकनाशकाचं असतं आणि ते मांजराला लावलं तर आकडी येऊन जाऊ शकतं. "थोडंच लावते" असलं चालत नाही त्यात. लसूण खायला घातला की पिसवा जातात हे पण ऐकलं असशील, ते तर अजिबातच नाही.

आणि लसणावर आले तर थांबावंच लागणार, कारण कोल्हापुरात मांजराच्या पोटात जो औषधी झाडपाला हमखास जातो तो हा. रविवारी मटण शिजलं की हाडकाला रस्सा लागलेला तुकडा बशीत टाकायचा, मांजर म्याव म्याव करतंय, द्यायचं नाही तर काय. कांदा-लसूण चटणीत कांदा-लसूण वाळवून कुटलेला, म्हणजे चमचाभरात किती गेला हिशोबच नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागं ५ ग्रॅम कांद्यानं रक्तात बदल दिसायला लागतो, चिंगीच्या वजनाला ते १७-१८ ग्रॅम, म्हणजे लहान कांद्याचा एक तुकडा. लसूण त्याहून विषारी. लक्षण लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, मांजर मलूल होतं, लघवी गडद होते, आणि तोवर रविवार कुणाच्या लक्षात राहत नाही. तांबडा तर सोड, पांढऱ्या रश्श्यातपण लसूण असतो. मटण शिजवायच्या आधी, मीठ-मसाला लावायच्या आधी, बिनहाडाचे चार तुकडे वेगळे उकडून काढायचे, तेच द्यायचे. त्यांना झणझणीत हवं नसतं, बरं का, ते आपल्याला.

कुंडीतल्या झाडांचं विचारलं नाहीस पण सांगते, पानओवा, कोरफड, मनी प्लांट हे तिन्ही मांजरानं खाल्लं तर उलटी-जुलाब किंवा तोंडाची आग होते, वर टांगून ठेव. आणि कुणी वाढदिवसाला लिलीच्या फुलांचा बुके आणला तर दारातनंच परत, खरी लिली मांजराची किडनी संपवते, पराग अंगावर पडून चाटला तरी.

कुबट वासावर औषध हवंय ना? वास ओलीचा आहे, तो सुगंधानं झाकायचा नाही, ओल काढायची. दुपारी पाऊस उघडला की सगळ्या खिडक्या तासभर उघड्या, आधी मजबूत जाळ्या बसवून घे, डासपण अडतील आणि शंभू खाली उडी मारायचा नाही. कोळसा फडक्यात बांधून कपाटात, पलंगाखाली ठेव, दर महिन्याला उन्हात वाळव. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढ. गळती असेल तर वर कौलं-पत्रा बघून घे, ह्यांना डिफ्युझर मागवायला वेळ होता तर पत्र्यावर चढायला पण होईल. डासांना मच्छरदाणी.

पुन्हा कधी तेल अंगावर सांडलंच तर, हे फ्रिजवर लिहून लाव. खोलीतनं बाहेर मोकळ्या हवेत. भांड्याच्या साध्या लिक्विड साबणानं कोमट पाण्यात अंग धुवायचं, नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही. टॉवेलात गुंडाळून ठेवायचं, ऊबपण राहील आणि चाटणं पण थांबेल. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही, तेल उलटीत फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन डॉक्टर. यावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नसतं, सलाईन, ऊब, लिव्हरला सांभाळायचं एवढंच असतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. आणि आपल्या गावात रात्री अकरानंतर कुठला दवाखाना फोन उचलतो हे आत्ताच दोन-तीन ठिकाणी विचारून नंबर सेव्ह कर, त्या वेळी शोधत बसलीस तर हात थरथरतात, माझे थरथरले होते.

राहिलं कॅटनिप, म्हणजे ज्याच्या वासानं मांजरं गुंगतात तो पाला, तेही विचारशीलच. देऊ शकतेस, चिमूटभर, आठवड्यातनं एकदोनदा, सगळ्या मांजरांवर चालत नाही, तिनातल्या एकाला काहीच फरक पडत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात गटाराच्या कडेला, पायवाटेला खोकली नावाची वनस्पती उगवते, तिचं मूळ उपटलं की त्या वासानं मांजरं अक्षरशः वेडी होतात, लोळतात, गाल घासतात. कुठं दिसली नि चिंगी लोळली तर घाबरू नकोस, पण मुद्दाम आणून खायला घालू नकोस, त्या झाडात काही बरं नसलेलंपण असतं. त्यापेक्षा गहू पेर. घट बसवताना पेरतो तसंच, टोपलीत किंवा जुन्या कुकरच्या डब्यात माती, वर गहू, हलकं पाणी. आठ-नऊ दिवसांत बोटभर हिरवं येतं, मांजरं चरतात बघ शेळीसारखी. फक्त डबा देवघरापासून लांब ठेव. आमच्या मनीनं एकदा सातव्या माळेला खरोखरच्या घटाचे अंकुर निम्मे कुरतडले होते, आई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

रिपोर्ट आला की कळव. आणि त्या सहा बाटल्या ह्यांना ऑफिसात न्यायला सांग, तिथं मांजर नाही ना ते आधी विचारून.